ठण की बद्द

मी एक जुना फ्लायव्हील आहे. खरे सांगायचे तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी नेला, तो परत आला नाही. उरलेला मी एका वर्कशॉपच्या दाराशी खिळ्याला तारेने लटकतो आहे. येणारी-जाणारी माणसे मला शोभेची वस्तू समजतात. परवा एकाने तर माझ्यावर टोपी अडकवली. मित्रांनो, मी शोभेचा नाही. माझी गोष्ट ऐकलीत तर ती टोपी तुम्हीच काढून घ्याल.

फ्लायव्हील म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी मला कधी पाहिलेले नसते. मोटारीच्या इंजिनाच्या पाठीला एक जड, गोल चाक बसवलेले असते. इंजिन धक्क्याधक्क्याने चालते. दोन धक्क्यांच्या मध्ये ते बंद पडू नये म्हणून मी माझ्या वजनाने फिरत राहतो. माझ्या तोंडावर क्लचची तबकडी दाबून बसते आणि माझे फिरणे गाडीच्या चाकांपर्यंत पोहोचवते. चालकाने डावा पाय दाबला की ती सुटते, पाय उचलला की पुन्हा चिकटते. म्हणजे माझ्यात आणि चालकाच्या डाव्या पायात अंतर जेमतेम हातभर असते.

मी बीडाचा आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड कडक असते, दाबाला हटत नाही, पण मुळात ठिसूळ. पोलाद आधी वाकते, बीड वाकत नाही, एकदम तुटते. माझा स्वभावही तसाच आहे, तेव्हा बोलणे लागले तर राग मानू नका. कारखान्यात मला साच्यातून काढून थंड केले, तेव्हा एका बाईने मला सळईवर उचलून धरले आणि लहान हातोडीने कडेवर टोला दिला. बाजारात मडके वाजवून घेतात ना, अगदी तसे. मी म्हणालो, "ठण!" आवाज बराच वेळ घुमला. माझ्या शेजारचा मात्र टोला खाऊन "बद्द" म्हणाला. त्याच्या अंगात कुठेतरी भेग होती, म्हणून त्याला पुन्हा भट्टीत टाकले. बाईने माझ्यावर खडूने खूण केली आणि म्हणाली, "हा ठणठणीत." आम्हा लोखंडाच्या वस्तूंना खोटे बोलता येत नाही हे मला त्या दिवशी कळले.

पुढची अकरा वर्षे मी एका मुख्याध्यापकांच्या गाडीत काढली. माणूस सरळमार्गी, पण खोड एकच. डावा पाय सतत क्लचवर टेकवून ठेवायचे. त्यामुळे तबकडी अर्धवट घासत राही आणि मी तापत राही. माझ्या तोंडावर निळे डाग पडले. मी कुरकुर केली नाही. पावसात, चढावर, मुलांना सहलीला नेताना मी त्यांना कधी दगा दिला नाही. त्याबद्दल कोणी माझे कौतुक केले असेल, तर ते माझ्यापर्यंत आले नाही. गाडी म्हातारी झाली, भंगारात गेली, आणि तिथून मला कानसेनने उचलले.

कानसेन हे काही त्याचे खरे नाव नव्हे. तो लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या यंत्रावर, काम करायचा, पस्तीस वर्षे. लोखंडाचा कोणताही तुकडा त्याच्यापुढे ठेवा, तो हातोडीने एक टोला मारी आणि त्याच्या पोटात काय दुखते आहे ते सांगे. गावातले लोक म्हणत, गाण्याला तानसेन आणि लोखंडाला आमचा कानसेन. दूरदूरचे लोक केवळ वाजवून घ्यायला वस्तू आणत. त्याने "ठणठणीत" म्हटले की माणसे निर्धास्त होऊन घरी जात.

मित्रांनो, त्या माणसाला ऐकू येत नव्हते.

मला हे पहिल्याच दिवशी कळले. टेबलावर फोन वाजून वाजून थकला आणि हा माझ्या शेजारी बसून शांतपणे चहा पीत होता. लेथच्या घरघरीत पस्तीस वर्षे उभे राहून त्याचे कान गेले होते. मशीनवर त्याचे अडत नसे, कारण धार बोथट झाली की ते त्याच्या हाताला कळायचे. पण वाजवायची वेळ आली की तो एक युक्ती करी. टोला मारायचा आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे. समोरच्याचा चेहरा पडला तर वस्तू फुटकी. चेहरा तसाच राहिला तर ठणठणीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही अशी.

घरात दोघींना हे ठाऊक होते, बायकोला आणि लेकीला. दोघींनीही त्याबाबतीत कानांवर हात ठेवले होते.

लेक त्याच वर्कशॉपमध्ये इंजिने जोडायची आणि सुट्टीच्या दिवशी मोटारींच्या शर्यतीत उतरायची. नाजूक दिसे, पण जड गिअरबॉक्स एकटी उचलायची आणि मदतीला येणाऱ्याला म्हणायची, "सरक, पायावर पडेल." वर्षाची शेवटची शर्यत अकरा दिवसांवर आली होती. पहिल्या तिघांत आली तर एक मोठा संघ तिला पगारी चालक म्हणून घेणार होता. आठ वर्षे ती या एका संधीसाठी राबली होती. पण तिचा साधा क्लच शर्यतीच्या जोराला पुरत नव्हता, सारखा घसरत होता. म्हणून तिने शर्यतीचा क्लच आणला. त्यात एका मोठ्या तबकडीऐवजी तीन लहान तबकड्या एकावर एक बसवलेल्या असतात. तो साध्या फ्लायव्हीलवर बसत नाही. फ्लायव्हीलच कापून त्याच्या मापाचा करावा लागतो.

"बाबा, बीड झेपेल का? पोलादीच मागवू या का?" तिने त्याच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत विचारले.

"पोलादी यायला सहा आठवडे. तोवर शर्यत कुठली?" तो म्हणाला. "बीड जपून कापलं तर झेपतं. साडेआठ किलोचा आहे, सहावर आणतो. त्याच्या खाली एक तोळाही नाही."

त्याने मला लेथवर चढवले. खरे सांगतो, इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. त्याने माझ्या तोंडाचा उंच काठ उतरवला, निळे डाग घासून काढले, पाठीकडचे वजन थोडे थोडे कापून कमी केले. काळा भुगा त्याच्या हातांवर, भुवयांवर बसला. मग त्याने लहान क्लचच्या मापाने सहा नवी भोके पाडली, त्यांत आटे पाडले. इथवर सगळे उत्तम होते. मी हलका झालो होतो आणि, लपवत कशाला, थोडा गर्विष्ठही.

शेवटी क्लच जागच्या जागी राहावा म्हणून तीन पिना ठोकायच्या होत्या. दोन बसल्या. तिसरीचे भोक माझ्या एका जुन्या भोकाच्या अगदी जवळ आले होते. मधली भिंत नखाएवढी. पिन घट्ट होती. त्याने हातोडी घेतली, एक टोला, दुसरा टोला. तिसऱ्या टोल्याला माझ्यात "टच" असा बारीक आवाज झाला. मोठा आवाज नव्हता, काडी मोडते तेवढाच. पण चांगला कान असलेल्या माणसाने तिथेच हात थांबवला असता, पिन काढली असती आणि मला भंगारात फेकले असते. त्याने चौथा टोला मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्यतीच्या गाड्या तपासणारा अधिकारी स्वतःच्या कामासाठी तिथे आला होता. शेजारच्या गॅरेजमधले दोघे-तिघे होते, लेक होती. कानसेनने मला सळईवर उचलले आणि सगळ्यांदेखत कडेवर टोला दिला.

मी माझ्याकडचा एकुलता एक शब्द जीव तोडून उच्चारला. "बद्द."

अधिकारी खिशात चष्मा शोधत होता, बाकीचे आपसात बोलत होते. ऐकले ते एकाच माणसाने. लेकीचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. बाप तिच्या तोंडाकडे बघत होता. आता तिचा चेहरा पडला असता तर बापाने मला फुटका म्हटले असते, आणि स्वतःच्याच हातोडीखाली फुटलेले कानसेनला ऐकू आले नाही हे संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. तिने चेहरा पडू दिला नाही. उलट किंचित हसली.

"ठणठणीत!" बाप म्हणाला.

"कानसेनने वाजवलं म्हणजे आम्ही काय बघायचं!" अधिकारी म्हणाला आणि त्याने तिच्या गाडीच्या तपासणीच्या कागदावर सही केली.

पोरीने मनात काय म्हटले असेल, ते मी नंतर ताडले. अंगावर पिना आहेत म्हणून आवाज दबला असेल. आपल्यालाच तसे वाटले असेल. मला गाडीत बसवण्याआधी ती तीन वेळा माझ्याजवळ आली, हातोडी उचलली आणि परत ठेवून गेली. पुन्हा वाजवले असते तर तिला बापाला सांगावे लागले असते.

शर्यतीची सकाळ स्वच्छ होती. पहिल्या फेरीत ती चौथी होती, दुसरीत तिसरी. मिनिटाला सात हजार फेरे मी याआधी कधी फिरलो नव्हतो. भेग पिनेपासून निघाली, जुन्या भोकाला मिळाली, तिथून कडेकडे सरकू लागली. मला ती जाताना कळत होती आणि मला थांबता येत नव्हते. तिसऱ्या फेरीत, सरळ रस्त्यावर, मी फुटलो. भोवतालचे ॲल्युमिनियमचे कवच कागदासारखे फाटले. एक अर्धा वर गेला. दुसरा खाली, पाय ठेवायच्या जागेतून आत गेला. तो दुसरा अर्धा मी आहे.

डॉक्टरांनी तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतर तीन महिने कानसेन प्रत्येकाला एकच सांगत होता, "बीडानं दगा दिला." मी बाकाखाली पडून ऐकत होतो. संताप येत होता. मी सांगितले होते रे! पण माझ्याकडे दुसरा शब्द कुठे होता?

मग एके दिवशी लेक कुबड्या घेऊन वर्कशॉपमध्ये आली. स्टुलावर बसली. बाप लेथवर काम करत होता.

"बाबा, मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

त्याला तिचे ओठ हललेले दिसले. "काय?"

"तो बद्द वाजला होता. मी ऐकलं होतं."

"काय म्हणतेस, बाळा?" त्याने लेथ बंद केला.

मग ती ओरडली. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला, इतकी मोठ्याने ओरडली. "तो बद्द वाजला होता! मला ऐकू आलं होतं!"

या वेळी तिच्या ओठांवरून त्याला कळले. त्याने विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"चार लोकांत तुम्हाला बहिरं कसं म्हणू?"

तो खाली फरशीवरच बसला, काळ्या भुग्यात. मान खाली घालून, जणू घरात कोणाला ठाऊकच नाही अशा आवाजात म्हणाला, "मला तीन वर्षं झाली, काही ऐकू येत नाही गं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. पण हळू म्हणाली, आणि त्याची मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पुसून दाराशी टांगले. पहिले गिऱ्हाईक वस्तू वाजवून घ्यायला आले, तेव्हा कानसेनने हातोडी लेकीच्या हातात दिली आणि त्याला म्हणाला, "मला ऐकू येत नाही. ही ऐकते." गिऱ्हाईक बघतच राहिले. त्यानंतर बरेच जण यायचे बंद झाले. काही येतात. लेक टोला मारते आणि जे ऐकू येईल ते खणखणीत आवाजात सांगते, मग गिऱ्हाईकाला आवडो न आवडो. गाडी तिने पुन्हा चालवली नाही.

मित्रांनो, वस्तू जपा एवढेच सांगायला मी इथे लटकलो असतो, तर तुमच्या शाळेच्या वहीत ते आधीच लिहिलेले आहे. माझे सांगणे निराळे आहे. वस्तू मोडण्याआधी एकदा तरी बोलते. आपल्याला ऐकू येत नसेल, तर येत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. आणि ज्याला ऐकू आले, त्याने कोणाच्या मानापायी गप्प राहू नये, मग समोर बाप का असेना.

आता माझ्यात भेग उरलेली नाही. जिथे भेग होती तिथेच मी तुटलो. रोज सकाळी वर्कशॉप उघडले की कानसेन आधी माझ्यापाशी येतो आणि हातोडीने हलकाच एक टोला मारतो. मी म्हणतो, "ठण." अगदी स्वच्छ, पूर्वी कारखान्यात म्हणालो होतो तसा. त्याला ते ऐकू येत नाही. तो वळून लेकीच्या तोंडाकडे बघतो.