रिकामा परत येणारा डबा

मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. माझ्या झाकणावर मशीनच्या सुईने 'कलाबाई सुकदेव' असं नाव कोरलेलं आहे, कारण कलाबाईच्या भावाने मला तिच्या लग्नात दिलं. मित्रांनो, डब्याला काय कळतं असं तुम्ही म्हणाल. माणूस काय बोलतो ते मला फारसं कळत नाही, हे खरं. पण तो किती खातो आणि किती ठेवतो, याची नोंद माझ्याइतकी पक्की कुणाकडेच नसते.

जन्म माझा साधाच. पत्र्याची गोल चकती, वरून यंत्राचा दाब, की झाली वाटी. अशा तीन वाट्या एकावर एक चढवल्या आणि कडी लावली. मग मी खानदेशातून नव्या नवरा-नवरीबरोबर सुरतेला आलो. सुकदेव डिंडोलीत राहायचा आणि सायकलने उधन्याच्या कापड विणायच्या लूम कारखान्यात जायचा. खालच्या पुडात तीन भाकरी, मधल्यात भाजी, वर ठेचा. दुपारी कडी उघडली की शेजारचे कारागीर माना वळवायचे. त्या दिवसांत माझा भाव फार होता.

पहिली चार वर्षं तीन भाकरी गेल्या, शून्य परत आल्या. पाचव्या वर्षी एक परत येऊ लागली. प्लेगमुळे सगळी सुरत गावाकडे पळाली ना, त्या वर्षापर्यंत दोन. आणि मग एकाएकी मी पुन्हा रिकामा परत येऊ लागलो, तोही घासूनपुसून.

कलाबाईला केवढा आनंद! शेजारच्या उषाबाईंना ती सांगायची, की हे थोडी घेतात, पण जेवण चोख आहे आणि डबासुद्धा स्वतः घासून आणतात. उषाबाईंनी आपल्या नवऱ्याला त्यावरून टोमणेही मारले. आता खरं काय ते मी सांगतो. भाकरी कारखान्यामागची कुत्री खायची. आणि खालच्या पुडातून यायची दारूची प्लास्टिकची पोटली, ती तो घराच्या अलीकडेच काढून खिशात टाकायचा. दारूबंदीचं राज्य खरं, पण त्या पोटलीसाठी सुकदेवला भाजीबाजारापेक्षा कमी चालावं लागे. सकाळी त्याचे हात इतके कापायचे, की तुटलेल्या धाग्याला गाठ बसत नसे. दोन घोट गेले की हात स्थिर व्हायचे. म्हणजे आता तो मजेसाठी पीत नव्हता, कामावर उभं राहता यावं म्हणून पीत होता. डोळे पिवळसर झाले, पाय सुजले, भूक मेली. आणि मी मात्र चकचकीत, रिकामा, खोटी साक्ष देत घरी जायचो.

श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरी आली. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मुठी मोजून गहू घेतले, नैवेद्याचे रोट झाले, आणि रविवारी कलाबाईच्या आग्रहावरून कानबाईसमोर नारळ ठेवून सुकदेवने सांगितलं, की आजपासून थेंब नाही. मनापासून सांगितलं, बरं का. सोमवारी विसर्जन झालं आणि मंगळवारी तो घामाने निथळू लागला. बुधवारी दुपारी सगळं अंग थरथरायला लागलं. भिंतीवर मुंग्यांची रांग आहे म्हणून तो बोट दाखवू लागला. भिंत कोरी होती.

गल्लीतल्या बायकांनी हात जोडले. नवस बोलून तीन दिवस झालेले, त्यात माणूस असा कापतोय, म्हणजे कानबाईच अंगात आली असणार. कुणी कुंकू लावलं, कुणी नारळ आणला. एकीने पदर पसरून मुलीच्या लग्नाचं विचारूनही घेतलं. मी फळीवरून बघत होतो. कलाबाई उंबऱ्याशी बसून रडत होती, भीतीने की भक्तीने, ते तिलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात कारखान्यातला चिंधा मुकादम, सुकदेव कामावर का आला नाही ते बघायला आला. त्याने सुकदेवचा हात धरला, डोळे पाहिले आणि कुंकवाचं ताट बाजूला सारलं.

"आरती मांगून करजात," तो म्हणाला. "पहिले दवाखाना. मना भाऊ असाच गया. दारू सोडी आन तिसरा दिन."

रिक्षातच सुकदेवला झटका आला. सरकारी दवाखान्यात तो नऊ दिवस होता. पहिल्या दोन दिवसांत काहीही होऊ शकलं असतं. तिसऱ्या दिवसापासून मी मुगाची पातळ खिचडी घेऊन जाऊ लागलो, म्हणून पुढचं मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की रोज दारू मिळून मेंदूला तिची सवय लागते आणि ती एकदम तोडली की तो बिथरतो. त्यावर गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. लिव्हर सुजलं आहे, पण दारू थांबली तर ते बरंच सावरू शकतं.

कलाबाई पदराआडून म्हणाली, "मीच नवस बोलायला लावला. मीच घात केला."

"सोडायला लावलीत ते बरोबरच केलंत," बाई म्हणाल्या. "फक्त सोडण्याआधी इथे यायचं होतं. हा आजार आहे, ताई. आजार शपथेने उतरत नाही."

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण माणसं डब्यासारखी एकदा घासली की लख्ख होत नाहीत. चिंधा दर रविवारी सुकदेवला दारू सोडलेल्यांच्या बैठकीला नेई. तोही त्यातलाच, नऊ वर्षं थेंब न घेतलेला. एकशे अकरा दिवस नीट गेले. मग गावच्या एका लग्नात सुकदेव घसरला. परत आल्यावर तोंड लपवत बसला. चिंधाने एवढंच विचारलं, "आज कितवा दिन?"

"पहिला," सुकदेव म्हणाला.

"मंग चाल."

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. माझी कडी सैल झाली आहे, एका पुडाला पोचा आहे, आणि घरात प्लास्टिकचा रंगीत डबा आला आहे. तरी सुकदेव मलाच नेतो. गेल्या महिन्यात त्याच्या शेजारच्या लूमवर गजेंद्र नावाचा नवा कारागीर लागला. सकाळी त्याच्या हातून धाग्याला गाठ बसेना. बाकीचे हसले. दुपारी गजेंद्र शरमून म्हणाला, की उद्यापासून दारू बंद, आईची शपथ.

सुकदेवने आपली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली.

"शपथ नको खाऊ," तो म्हणाला. "उद्या सुट्टी मांग. दवाखान्यात मी येस तुनासंगे."

मित्रांनो, मी पत्र्याचा, मला कुणाबरोबर कुठे जाता येत नाही. तुम्हाला येतं. हात कापणारा माणूस दिसला तर त्याला हसू नका, आणि एकटाही सोडू नका. दुसऱ्या दिवशी गजेंद्र आला, तेव्हा सुकदेव कारखान्याच्या फाटकापाशी सायकल धरून उभाच होता.