शेवटचे दहा फेरे

शहाणपणा नडला मला, दुसरं काय! पंपघरातला मोठा व्हॉल्व्ह माझा दादा बावीस वर्षं बंद करत होता. चाकाचे चाळीस फेरे. पहिले तीस झपाझप, शेवटचे दहा इतके रमतगमत की बघणाऱ्याला जांभई यावी. सगळी मिळून तीन मिनिटं.

मी त्याच पाणीखात्यात इंजिनिअर. पाणी एकदम अडवलं की पाइपला हादरा बसतो. तो किती बसेल, हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून मांडायचं माझं काम. मी दादाला बजावलं, "वेळ तीच, पण सगळे फेरे सारख्या वेगाने. घड्याळ लावून."

"अगं शहाणे, पाणी अडतं ते शेवटच्या दहा फेऱ्यांत. तोवर त्याला पत्ताही नसतो."

"मॉडेल म्हणतंय तेवढं कर ना!" मी खेकसले.

चौथ्या दिवशी व्हॉल्व्हच्या पुढचं पाणी तुटलं, मध्ये पोकळी झाली, ती मिटताना पाणी पाण्यावर आदळलं आणि पाइप उभा चिरला. चौकशीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मॉडेलप्रमाणे तीन मिनिटं घेऊन बंद केलं तर पाइप फुटूच शकत नव्हता, म्हणून मी लिहिलं : कर्मचाऱ्याने घाई केली.

"घड्याळ लावलं होतं गं," दादा म्हणाला. मला वाटलं, सारवासारव करतोय. त्याला फाटकावर राखणीला बसवलं आणि गेल्या महिन्यात तिथूनच तो निवृत्त झाला.

परवा दुसऱ्या कामासाठी तेच मॉडेल उघडलं. अर्धे फेरे म्हणजे अर्धं पाणी, असं मी धरलं होतं! त्यात दादाचं म्हणणं भरलं, तर हादरा नेमका फुटलेल्या जागी.

तशीच त्याच्या घरी गेले. तो कप विसळत होता. सगळं सांगितलं, रडले. "उद्याच खात्याला लेखी देते, चूक माझी होती म्हणून."

"दे."

"पण तू चौकशीत त्या दहा फेऱ्यांबद्दल एक शब्द का नाही बोललास, दादा?"

त्याने नळ बंद करायला घेतला. शेवटी शेवटी तर अगदी सावकाश.

"तुला सांगितलं होतं की. सख्ख्या बहिणीला पटलं नाही, तिथे परक्यांना काय पटणार?"