दाक्षायणीचा शोषखड्डा

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या गावात चौऱ्याहत्तर साली पहिला शोषखड्डा दाक्षायणीनं केला, आणि तेव्हापासून तिची थोरली जाऊ ईरम्मा आतून धुमसत होती.

घर एकच, मधे भिंत घालून वाटलेलं. ईरम्माच्या मोरीचं पाणी अंगणात तुंबायचं, डास माजायचे, तिची लहान पोर सारखी हगवणीनं आडवी व्हायची. भिंतीपलीकडं मात्र सगळं कोरडं. ग्रामसेविका बाईंनी सांगितलं तसं दाक्षायणीनं खड्डा खणून दगड भरले होते, तोंडाशी भोकाचं मडकं ठेवून त्यात काथ्या घातला होता. सांडपाणी त्यातून गाळलं जाऊन जमिनीत मुरायचं. गावातल्या बायका बघायला येत. सासू निंगव्वा राहायची थोरलीकडं, पण त्या बायकांपुढं कौतुक सांगायची ते धाकटीचं.

"इतकी वर्सं म्हातारीचं मी करते," ईरम्मा चुलीपुढं पुटपुटायची, "आन् गोडवे हिच्या खड्ड्याचे!"

एका दुपारी दाक्षायणी शेतावर गेलेली बघून ती पलीकडं शिरली. मडक्यातला काथ्या उपसून फेकला, चुलीची बादलीभर राख पाण्यात कालवली आणि खड्ड्यात ओतली. जिवाला बरं वाटलं.

खड्डा तुंबला. घाण पाणी दाक्षायणीच्या दारापर्यंत आलं. ईरम्मा भिंतीआडून कान देऊन बसली. रडणं नाही, ओरडणं नाही. नुसता कुदळीचा आवाज. शेवटी न राहवून ती गेली. दाक्षायणी चिखलात उभी राहून राखेनं माखलेले दगड बाहेर काढत होती.

"अक्का, राख तुमीच घातली न्हवं?"

ईरम्माला नाही म्हणता येईना. "व्हय. आई सारखं तुझंच नाव घेत्यात, मला लई जड जातं ते."

दाक्षायणीनं हातातला दगड काठावर आपटला. मग रागानंच म्हणाली, "तर मग उतरा की खाली. मी एकटीनं का उपसू?"

ईरम्मा पदर खोचून उतरली. अंधार पडेपर्यंत दोघींनी दगड धुतले आणि परत रचले, मोठे तळाला, बारीक वर. बोलणं तेवढ्यापुरतंच.

पुढं ईरम्मानं आपल्या मोरीमागं स्वतःच खड्डा खणला, धाकटीच्या खड्ड्यापेक्षा हातभर रुंद. अंगण सुकलं, पोरीची हगवण हळूहळू कमी झाली. जावांचं येणंजाणं सुरू झालं. तरी सासूनं धाकटीचं नाव काढलं की ईरम्माला ते टोचायचंच. मग ती उठून कामाला लागायची.