सहदेवची मिशी आणि गद्रेंची कॉफी

"तुझ्या त्या कागदातून गाळलेल्या कॉफीत आणि मी केलेल्या कॉफीत कुणाला फरक कळला ना शरद, तर इथेच कंपाउंडात, सगळ्यांसमोर मिशी उतरवीन!"

सहदेव परब हे बोलून गेला आणि झेंडावंदनानंतर बटाटेवडे खात उभी असलेली अख्खी सोसायटी त्याच्याभोवती गोळा झाली. मुलुंड ईस्टच्या मिठागर रोडवर परबांची मिशी म्हणजे काही साधी चीज नव्हती. रिक्षावाले पत्ता विचारायचे तो "ते मिशीवाले राहतात ना, ती बिल्डिंग?" असा. त्यात लेकीचा, श्रुतिकाचा, साखरपुडा तोंडावर आलेला.

शरच्चंद्र गद्रे, समोरच्या फ्लॅटमधला. तो विमा कंपनीत क्लेम बघायचा, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायचा. त्याने शांतपणे तोंडातला वडा संपवला. "आणि नाही कळला तर?"

"तर तू नाक्यावरच्या टपरीवर सगळ्यांसमोर कटिंग चहा प्यायचा. बशीतून. फुर्रर्र आवाज करून."

"मंजूर. पण आधी रोज सकाळी माझ्याकडे येऊन शिकायचं. मागाहून रडायचं नाही."

"गरम पाणी ओतायला शिकवणी लागते होय रे?"

सेक्रेटरी जयवंतरावांना परीक्षक नेमलं. ह्या माणसाने आयुष्यात कुणाला नुसतं 'बरोबर' म्हटलं नव्हतं, त्यामुळे निकालावर शंका घ्यायला जागाच नव्हती. परीक्षा ठरली पुढच्या रविवारी.

घरी सुगंधाने कपाळावर हात मारला. "अहो, व्याह्यांसमोर बोडक्या तोंडाने बसणार तुम्ही? फोटोत लोक विचारतील, मुलीचा बाप खंय गेलो?"

"अगं, हरतोय कोण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव गद्रेंच्या किचनमध्ये हजर. मनात एकच बेत, कॉफी करताना लागणारी शरदची समाधी मोडायची. शरदने ओंजळभर बिया चिमुकल्या काट्यावर तोलल्या, हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये टाकल्या आणि घरघर सुरू केली. सहदेवने मोबाईलवर लग्नातला बँड लावला. शरद बँडच्या तालावरच दळत राहिला. मग त्याने कागदाची घडी घालून ती गाळणीच्या शंकूत बसवली आणि नुसतं गरम पाणी ओतून ते फेकून दिलं.

"अरे, कागदाला आंघोळ घालतोस काय?"

"कागदाचा वास कपात नको म्हणून."

सहदेवने मागून कानात शिट्टी मारली. बगळ्याच्या मानेसारखी तोटी असलेली किटली शरदच्या हातात होती. ती जरासुद्धा हलली नाही. सहदेव मनात म्हणाला, हा माणूस आहे की पुतळा?

"असाच असतो तो," दारातून उत्तरा, शरदची बायको, म्हणाली. "ऑफिसमधनं येतो तेव्हा बोलायची सोय नसते. पण ही किटली हातात असते ना, तेवढा वेळ घरात देवासारखा माणूस."

खरी गंमत झाली ती नंतर. शरदने शंकूत टाकलेल्या पावडरीवर अगदी थोडं पाणी सोडलं आणि हात मागे घेतला. पावडर हळूहळू फुगायला लागली. वर बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले.

"गे बाय माझे!" सहदेवच्या तोंडून निघून गेलं. "ही तर घावण्यासारखी जाळी पडतेय!"

"ताजी असली की अशी फुलते. आता थांबायचं."

"किती?"

"ती म्हणेल तोपर्यंत."

सहदेव थांबला. हा गडी सिग्नलला थांबत नाही, डॉक्टरकडे थांबत नाही, आरतीतसुद्धा 'घालीन लोटांगण' आधीच सुरू करतो. तो एका शंकूवर वाकून थांबला. वासाने किचन भरून गेलं. मग शरदची बारीक धार मधून बाहेर, बाहेरून मध्ये गोल फिरायला लागली, आणि खाली काचेच्या भांड्यात मधासारखे लाल थेंब पडू लागले. साखर नाही, दूध नाही. सहदेवने तोंड वाकडं करायची तयारी करूनच घोट घेतला, आणि ते वाकडं करायचंच विसरला. आधी कडू, मग मागाहून संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी जिभेवर रेंगाळलं.

तोंडाने अर्थात म्हणाला, "ठीक आहे. काढ्यासारखं आहे."

पण त्यानंतर त्याने बँड लावला नाही. रोज जाऊन गप्प उभा राहू लागला. विक्रोळीच्या कंपनीत सुपरवायझर असलेला हा बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचे हात बघत आलेला. शरदच्या हातात काय आहे ते त्याला पटकन कळलं. तिथे घाई नव्हती आणि दिखावाही नव्हता. घरी येऊन तो देवघरातल्या झारीने कुंडीत बारीक धार धरायचा सराव करायचा. तुळशीला उगाच दिवसातून कितीदा तरी पाणी मिळू लागलं.

"शरद, एक सांगू?" एकदा तो म्हणाला. "तू सॉलिड माणूस आहेस यार."

"मिशी वाचवायला मस्का लावतोयस?"

"छे रे. मिशी गेली खड्ड्यात. खरंच सांगतोय."

रविवार उजाडला. शरदने त्याला अर्ध्या बिया दिल्या आणि ग्राइंडर पुढे केला. पण सहदेव पडला मुंबईकर. एवढं सगळं शिकला, तरी हाताने दळणं काही त्याला पटलं नाही. 'दळलं काय आणि मिक्सरला फिरवलं काय, भुकटी ती भुकटी!' तो बिया घेऊन घरी गेला आणि सुगंधाचं चटणीचं भांडं काढलं. तसा हुशार, म्हणून साबणाने दोनदा घासलं, पुसलं, हुंगलं. वास नाही. झकास! गर्रकन फिरवलं.

भांडं घासलं होतं. झाकणाचं रबर काढून घासायचं असतं, हे मात्र त्या घरात फक्त सुगंधाला माहीत होतं. आणि त्या रबराखाली गेल्या मे महिन्यापासूनचा मालवणी मसाला सुखाने नांदत होता.

कंपाउंडात टेबल मांडलं. दोघांनी शेजारी शेजारी कॉफी केली. सहदेवच्या शंकूत पावडर अशी देखणी फुलली की गॅलरीतून बायकांनी टाळ्या वाजवल्या. धार एकसारखी. त्याची छाती फुगली. आता जिंकलोच!

डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या जयवंतरावांनी पहिला कप घेतला. "हं. बरी आहे." म्हणजे अमृत. दुसऱ्याचा घोट घेतला. कान लाल झाले. मग असा ठसका लागला की रुमाल सुटून खाली पडला.

"अरे, ही कॉफी आहे की कोंबडीचा रस्सा?"

अख्खं कंपाउंड फुटलं. सुगंधाने क्षणात ओळखलं. "माझां चटणीचां भांडां! अहो, रबर काढलात?"

"कसलं रबर?" सहदेव म्हणाला, आणि वाट लागल्याचं त्याचं त्यालाच कळलं.

गोंधळ चालू असताना शरदने तो कप उचलला. रोज स्वतःची प्यायचा तशीच, डोळे मिटून, ती मसालेदार कॉफी त्याने शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. डोळ्यांत पाणी आलं, पण थांबला नाही.

"हात एकदम बरोबर पडलाय," तो म्हणाला. "फुलवलीस छान, ओतलीस माझ्याहून छान. भांड्याने घात केला रे." मग हळूच म्हणाला, "मिशी राहू दे. साखरपुडा होऊन जाऊ दे, मग बघू."

सहदेवचा हात आपोआप मिशीकडे गेला. घ्यावी का सूट? पण समोर जयवंतराव उभे होते. वर्ल्ड कपची पैज हरले तेव्हा सहदेवने ह्याच जागी त्यांना लुगडं नेसवून फुगडी घालायला लावली होती, तेही सुनेला न्यायला तिच्या माहेरची माणसं आलेली असताना. तेव्हा कुठे सूट दिली होती?

"नाय," तो म्हणाला. "एवढं मन लावून कॉफी केली, तर पैजही मन लावूनच फेडायची. धोंडूला बोलवा!"

गेटबाहेरच्या सलूनमधला धोंडू वस्तरा घेऊन धावत आला. मधोमध प्लास्टिकची खुर्ची आली. श्रुतिकाने मोबाईल धरला. "बाबा, हसा!" साबण लागला, वस्तरा चालला, एक बाजू गेली, दुसरी गेली, आणि तिथे सहदेवचा वरचा ओठ दिसला, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा.

सहदेव खुर्चीवर उभा राहिला आणि नवं तोंड सगळ्या गॅलऱ्यांना गोल फिरवून दाखवलं. "बघून घ्या! फुकट आहे!"

सुगंधा पदर तोंडाला लावून हसून हसून वाकली. "अहो, ह्यां तोंड आधी दाखवलं असतंत, तर मी लग्नाक 'हो' म्हटलंच नसतं!"