त्राटिका, पान बेचाळीस

पुस्तक हातात पडलं आणि मी संग्रहालयात किंचाळले. खरंच किंचाळले, वॉचमनकाका धावत आले. पान बेचाळीसवर माझे बाबा होते! अख्खं पानभर! चेहरा दिसत नव्हता, कारण तोंडावर त्राटिकेचा मुखवटा होता, लाल जीभ बाहेर आलेली, डोळे वटारलेले. पण कोपरावरची भाजल्याची खूण मी कुठेही ओळखेन.

"काका, हे माझे बाबा!"

काकांनी चष्मा वर करून खालची ओळ वाचली. "बुधा गावित का?"

"नाही हो. सुनील भोये."

"इथं तर बुधा गावित छापलंय."

मग मी वाचलं. 'त्राटिका. सोंगाचे मानकरी : बुधा गावित.'

थांबा, नीट सांगते. आमचा पाडा पेठच्या पुढे, डोंगरात. तिथे उन्हाळ्यात देवीच्या यात्रेला बोहाडा होतो. मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. त्राटिका आमच्याकडे. आधी झिपरू आजोबा नाचायचे, ते गेल्यावर बाबा. आम्ही नाशिकला राहायला आलो तरी बाबांनी एकही बोहाडा चुकवलेला नव्हता. बुधाकाका त्यांच्यापुढे टेंभा धरून चालायचे, आपली मशाल असते ना, तो. म्हणजे छापलंय काय, तर उजेड दाखवणाऱ्याचं नाव.

आणि हे छापलं होतं माझ्याच संग्रहालयाने! 'माझ्याच' म्हणते, कारण बोहाड्याच्या प्रदर्शनात मी दर शनिवारी बालमार्गदर्शक असते. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. आता दहावीत आहे आणि चाळीस पोरांना माइकशिवाय गप्प करते. ते मला इथेच जमलं.

बाबा नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टचा टेम्पो चालवतात. संध्याकाळी घरी आल्यावर पुस्तक बघून आधी खूश झाले. "फोटो लय भारी आलाय की!"

"बाबा, नाव बघा."

बघितलं. परत हसले, पण कमी. "ती सायली मॅडम आलेली ना मागच्या साली, तेव्हा माझा मुखवटा चढला होता. तिनं विचारलं, हे सोंग कोणाचं? बुधा बाजूलाच होता. म्हणाला, आमचं. तिनं विचारलं, नाव? त्यानं आपलं सांगितलं."

"पण तुम्ही का नाही बोललात?"

"मुखवटा चढल्यावर कोणी बोलतं का? तेव्हा मी सुनील नसतो."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "या घरातली दुसरी त्राटिका बघा, गप्प बसायचं नावच नाही." मला हसू आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी थेट रविराज सरांच्या केबिनमध्ये गेले. ते संग्रहालयाचे संचालक. सायलीताईही तिथेच होत्या, पुस्तकाच्या मुलाखती त्यांनीच घेतल्यात. मी सगळं सांगितलं, एका दमात. ताईंनी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. संबळाच्या आवाजातून बुधाकाका ऐकू आले, "आमचं."

"ऐकलंस?" ताई म्हणाल्या.

"ताई, आमचं म्हणजे गावाचं! आमचा बोहाडा, आमची देवी, तसं!"

"अगं, पण तुझ्या बाबांनी का नाही अडवलं?"

मी सांगितलं. मुखवटा चढला की बाबा सुनील नसतात, म्हणून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छान आहे हे, नोंदवून ठेव," सर सायलीताईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बेटा, प्रती वाटून झाल्यात. पण दुसरी आवृत्ती निघणार आहे. यंदाच्या बोहाड्याला सायली जाईल, प्रत्यक्ष पडताळणी करेल. चूक असेल तर दुरुस्त करू. शब्द देतो."

"तोपर्यंत निदान एक चिठ्ठी चिकटवा ना पानावर."

"पडताळणीशिवाय कसं चिकटवणार?"

मी थँक यू सर म्हणून उड्या मारत बाहेर पडले. मला वाटलं, जिंकले!

पण वाटलेल्या प्रतींमधली एक पाड्यावर पोचली होती. मानकऱ्याला भेट म्हणून, बुधाकाकांच्या नावावर. बोहाड्याच्या आधी सोंगं ठरवायला गाव देवळासमोर बसतं, तिथे बाबांबरोबर मीही गेले. पुस्तक मधोमध ठेवलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. बुधाकाकांचा दीपक त्याच्याजवळ मांडी घालून बसला होता.

"यंदा त्राटिका आम्ही नाचवणार," तो म्हणाला. "मान आमचा हाय. पुस्तकात हाय."

"काय बोलतो दीपक? माझा बा नाचायचा," बाबा म्हणाले.

"कुठं लिहिलंय काका? दाखवा की."

"लिहायची कधी गरजच नाय पडली."

कोणीतरी मागून म्हणालं, "तुम्ही आता नाशिककर. एक रात नाचायचं न् सकाळची एसटी धरायची." बरेच जण हसले.

मला राहवेना. "बुधाकाका, तुम्ही सांगा ना! तुम्ही टेंभा धरायचात."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीवरची धूळ हाताने पुसली. "धरायचो. पण पोरी, एवढी शिकलेली माणसं हायेत ती. उगाच लिहिलं असंल का? माझ्या आज्याकडं असंल मान. मला तरी कुठं म्हाईत?"

मला रडू आलं, कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायला लागलं होतं.

पोलीस पाटील रंगनाथ भोये आमच्याच भावकीतले. मला वाटलं, हे तरी बोलतील. ते म्हणाले, "सुनील, सरकारी पुस्तकाशी भांडण नको. नाचू दे पोराला."

बाबांनी मुखवटा फडक्यातून सोडला. दीपकच्या हातात देताना एवढंच म्हणाले, "जीभ जपून रे. कागदाचा लगदा हाय, ओल लागली की सुटते."

बोहाड्याला आम्ही गेलो नाही. त्या दिवशी बाबांनी घोटीची जादा फेरी मागून घेतली.

सायलीताई मात्र गेल्या. दुसरी आवृत्ती आली तेव्हा सरांनी मला स्वतः बोलावून पान बेचाळीस दाखवलं. नवा फोटो. त्राटिका, आणि मुखवट्याखाली दीपकचे नवे कोरे स्पोर्ट्स शूज. 'हा मान पिढ्यान्‌पिढ्या गावित घराण्याकडे आहे.'

"बघ," सर मायेने म्हणाले, "तू शंका काढलीस म्हणून आम्ही खात्री करून घेतली. प्रस्तावनेत तुझे आभार मानलेत."

"सर, त्यांना मान तुमच्या पुस्तकामुळे मिळाला!"

"पल्लवी, गावाने एकमताने ठरवलंय. सायलीने सरपंचांना विचारलं, पोलीस पाटलांना विचारलं. अजून काय करायचं?"

खरंच, विचारायचं तरी कोणाला राहिलं होतं?

शनिवारी एका शाळेची सहल आली, पाचवीची मुलं. मी त्राटिकेच्या काचेसमोर उभी राहिले आणि छाती भरून बोलले, "ही त्राटिका. हिचे मानकरी सुनील झिपरू भोये!"

त्यांच्या बाईंनी विक्रीच्या टेबलावरून नवं पुस्तक घेतलं होतं. त्यांनी पान उलटलं, बोट ठेवलं. "बाळा, चुकतेयस तू. वाचून येत जा. मुलांनो, खोडा ते. लिहा, बुधा गावित."

चाळीस वह्यांवर खोडरबर चालले. मी पुढे बोलायला तोंड उघडलं, पण ऐकायला कोण होतं? सगळी डोकी खाली, लिहिण्यात. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने पेन्सिल चावत मान वर केली.

"ताई, गावितला पहिली वेलांटी की दुसरी?"

"पहिली," मी सांगितलं.