रंगुबाईंचा दात

दात हा मानवी संस्कृतीचा सगळ्यात टिकाऊ पुरावा आहे. आमच्या गावात साठीनंतर तो सापडत नाही.

आमचं गाव तिसगावपासून सात किलोमीटरवर. यंदा जिल्ह्यात 'निरोगी मुख गाव' स्पर्धा निघाली. प्रत्येक गावाने साठीपुढचे दहा जण निवडायचे, समितीने त्यांचे किडलेले दात मोजायचे. ज्याचे कमी, ते गाव पहिलं. सरपंच कारभारींनी फॉर्म दोनदा वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"दातच न्हाई तर किडंल काय?"

एका दुपारीत मारुतीच्या पारावरून पूर्ण बोळक्या तोंडाची नऊ माणसं निघाली. दहावं मिळेना. त्यातल्या त्यात कमी दात रंगुबाईंना. एक. खालचा, पुढचा आणि काळा.

कारभारींनी त्यांना जीपमध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे दातांच्या डॉक्टर म्हणून सुमेधा जोशी नव्याने आल्या होत्या.

"मॅडम, हा येक उपटायचा. बाकीच्या नऊ जणांच्या तोंडात येकबी न्हाई. शनवारी समिती हाय. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न."

"पेशंट कोण? तुम्ही का आजी?"

"पेशंट ह्या. गाव माझं."

सुमेधाताई रंगुबाईंकडे वळल्या. "आजी, तुम्हाला काढायचाय दात?"

हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"न्हाई बाई. गोधड्या शिवते मी. दोरा ह्यानंच तोडते."

"दाताने दोरा तोडू नये, आजी."

"मग ठिवून करू काय?"

सुमेधाताईंनी विषय बदलला. "मशेरी लावता?"

"दात सुटले, मशेरी सुटली न्हाई."

"काकू," कारभारी मधे पडले, "गावासाठी येक दात! लोकांनी शाळेला जमिनी दिल्यात."

"तुझं किती हायेत?"

"अठ्ठावीस."

"मग तू दे चार."

सुमेधाताईंनी आरसा घालून दात तपासला, हलवून पाहिला. "वर खड्डा आहे, पण मूळ घट्ट आहे. हा मी भरून देते. वाचणारा दात काढायचा आणि तोही त्यांना नको असताना, हे माझ्याकडून होणार नाही. आणि सरपंच, मोजताना पडलेले दातही धरायचे असतात. तुमच्या नऊ जणांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी गेलेत."

"फॉर्मात तसा रकानाच न्हाई."

नव्हताच. छापताना कागद संपला होता. सुमेधाताईंनी त्याबद्दल जिल्ह्याला दोन पत्रं लिहिली होती. 'पुढील वर्षी विचार करण्यात येईल' असं उत्तर आलं होतं, हेही त्यांनी सांगून टाकलं.

"पुढल्या वर्षी व्हय?" कारभारी खुर्ची ओढत म्हणाले. "मग औंदा उरकून घ्या. पर भरलेला दात किडका धरत्यात का?"

"नाही."

"मग भरा की! आधी का न्हाई बोलला?"

दात घासून पांढरा केला, भरून झाला. सुमेधाताईंनी सांगितलं, "मशेरी बंद. ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासायचा."

"येक दात दोन मिन्टं?" रंगुबाई म्हणाल्या. "झिजंल की गं!"

शनिवारी समिती आली. नऊ तोंडं तिने पाच मिनिटांत संपवली. दहाव्यात दात दिसल्यावर तिघेही सदस्य आनंदाने पुढे वाकले. बॅटरी मागवली गेली. दात पांढरा, भरलेला, निर्दोष. किडलेले दात एकूण शून्य. गाव जिल्ह्यात पहिलं आलं. हलगी वाजली, कारभारींना फेटा बांधला. सत्काराच्या वेळी रंगुबाई मागे बसून गोधडीला टाके घालत होत्या. भाषण संपताना त्यांनी दोरा तोडला. दाताने.

बक्षीस म्हणून दहा स्पर्धकांना दहा टूथब्रश मिळाले. नऊ ब्रश सध्या मोटारसायकलींच्या चेनी साफ करतात.