हातभर शिवण

शिलाईवालीचं मशीन हल्ली धड चालत नव्हतं. मशीन ठणठणीत होतं. तिचाच पाय त्यावर ठरत नव्हता. चार बोटं शिवण झाली की पाय वर आणि कान आतल्या खोलीकडे. नवरा खोकला तर का खोकला, आणि नाही खोकला तर का नाही. तो दुकानात गेला की मग फोन. "बरं आहे ना?" दिवसातून दहादा तोच प्रश्न, आणि पलीकडून दहादा तेच उत्तर, "बरं आहे गं, तू शिव."

नवऱ्याचं दुकान गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. घरघरणारे, फाटक्या आवाजाचे लाउडस्पीकर तो दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला भोंगेवाला म्हणत. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, डॉक्टरांनी काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं होतं. हृदयाची लय भलतीकडे गेली की विजेचा झटका देऊन तिला ठिकाणावर आणणारं. भोंगेवाल्यानं त्याचं नाव ठेवलं घरजावई. काम काही नाही, जागा अडवून बसलाय आणि मर्जी मात्र आपण सांभाळायची. हा विनोद तो येईल त्याला ऐकवायचा आणि शिलाईवाली दरवेळी नव्यानं हसायची.

मग चार महिन्यांपूर्वी एका सकाळी घरजावई कामाला लागला. दहा मिनिटांत तीन झटके. त्या दिवसापासून विनोद बंद झाला. भोंगेवाला जिना चढेना, मोठ्यानं हसेना, बायकोनं खांद्यावर हात ठेवला तरी दचकायचा.

गेला दीड महिना मात्र तो सुधारला होता. दोन घास जास्त जात होते, दुकानातून शीळ ऐकू येत होती. आणि याचं श्रेय शिलाईवाली मनातल्या मनात स्वतःकडे घेत होती. बनियनचा पट्टा यंत्रावर घासतो म्हणून ती त्याला रुंद खांद्याच्या सुती बंड्या शिवून द्यायची. एकदा तो म्हणाला, "आतून डावीकडे एक खिसा लाव, जरा वरच लाव. दवाखान्यातून मिळालेलं यंत्राचं कार्ड कायम अंगावर ठेवा म्हणतात ना." तिनं सातही बंड्यांना खिसे लावले, दुहेरी टीप मारून, कोपरे पक्के करून. कार्ड जवळ असलं की माणसाला धीर येतो, असं तिनं नणंदेलाही फोनवर सांगितलं.

आज सकाळी त्याची कालची बंडी काखेत उसवलेली दिसली, म्हणून ती तिनं धुण्यातून काढून कापायच्या टेबलावर टाकली. शेजारी टाचण्यांची उघडी डबी होती. दहाबारा टाचण्या सरसर सरकत आल्या आणि बंडीच्या खिशाला चिकटून बसल्या. तिनं खिशात बोटं घातली. आत कार्ड नव्हतं. छोट्या स्पीकरमधलं, मधे भोक असलेलं गोल चुंबक होतं.

तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दवाखान्यातून मिळालेली पुस्तिका तिनं इतक्यांदा वाचली होती की पानं सुटली होती. चुंबक यंत्रापासून लांब ठेवा; ते छातीवर असेपर्यंत यंत्र झटका देणार नाही, गरज पडली तरी देणार नाही. करू नका म्हणून जे लिहिलं होतं, तेच या माणसानं औषधासारखं घेतलं होतं. आणि खिसा कुणी शिवला? हिनं. कोपरे पक्के करून. मग ती उठली आणि दार नुसतं ओढून घेऊन, टाचण्यांसकट बंडी हातात घेऊन, गल्लीनं जवळजवळ पळत सुटली.

भोंगेवाला स्टुलावर बसून स्पीकरची तुटलेली तार गरम डागणीनं सांधत होता. त्याच्यामागची अख्खी भिंत स्पीकरांनी भरलेली, खालच्या फळीवर निरनिराळ्या मापांची चुंबकं रचलेली. ती दारातच थबकली. हातातलं एक चुंबक काढून घेऊन काय होणार होतं? तिनं बंडी त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

त्यानं बंडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि जमलेलं हे एकच आता उघडं पडलं होतं.

"आज दुसरं घातलंय," तो म्हणाला.

"तुम्हाला मरायचंय का?"

"मला झटका नकोय." त्यानं डागणी बाजूला ठेवली. "तुला नाही कळायचं. आतून लाथ बसते. पुन्हा कधी बसेल याचा भरवसा नाही. आणि कशासाठी? तूच म्हणालीस, नुसती चक्कर आली होती. चक्कर आलेल्या माणसाला तीन लाथा? डॉक्टर काय, त्यांच्या यंत्राचं कौतुक करणारच. तू समोर होतीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

ती म्हणाली होती खरंच. घाबरू नका, जरा डोळे मिटले होते, एवढंच. त्यालाच नव्हे, नणंदेला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तिनं हेच सांगितलं होतं. चार महिने ती खोलीखोलीत कान लावून फिरत होती आणि ज्याच्यासाठी फिरत होती त्याला तिनं अंधारात ठेवलं होतं.

"घरी चला."

"गिऱ्हाईक यायचंय."

"येऊ दे. शटर ओढा."

घरी आल्यावर तिनं कपाटाच्या तळाशी, गोधड्यांच्या खाली हात घातला आणि एक राखाडी पडदा ओढून काढला. टेबलावर पसरला. काठानं शिवण सरळ धावत होती, ओळंब्यात असल्यासारखी. मध्येच ती काठ सोडून पडद्यात शिरली, तिरपी, वाकडी, आणि दोऱ्याच्या गुंत्यात संपली.

"त्या दिवशी मी हा शिवत होते. तुम्ही त्या खुर्चीत पेपर वाचत होता. पेपर पडला. वर बघितलं तर तुमचे डोळे पांढरे, मान छातीवर. मी हाक मारली. अहो, तुम्ही नव्हताच." तिनं पडदा त्याच्यापुढे सरकवला. "आणि मी उठले नाही. बघा ना, हे बघा. उठायला हवं होतं, पण पाय मशीनवरून निघेचना. मी तुमच्याकडे बघत राहिले आणि मशीन चालत राहिलं. मग तुमचं अंग उडालं. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, मला कुणी मारलं? नंतरचे दोन झटके तुम्हाला आठवतात. पहिला बसला तेव्हा तुम्ही इथं नव्हता."

"मग चक्कर का म्हणालीस?"

"काय सांगणार होते? नवरा गेला आणि बायको शिवत बसली, असं?"

शिवण काठ सोडते तिथं त्यानं बोट ठेवलं आणि सावकाश पुढे नेलं. मग ती कापड मोजते तसा हात टेकवून मोजलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.

"हातभर आहे."

"हो."

"एवढा वेळ?"

"एवढा."

तो त्याच खुर्चीत बसला. मग शर्टाच्या गळ्यातून हात घालून त्यानं आजचं चुंबक काढलं आणि टाचण्यांच्या डबीत टाकलं. डबीतल्या सगळ्या टाचण्या त्याच्याभोवती गोळा झाल्या.

"भीती वाटते गं."

"मलाही वाटते."

तिनं त्याच्या अंगावरची बंडी मागून घेतली, उरलेल्या सहा आणल्या आणि ब्लेड घेऊन खिसे उसवायला बसली. स्वतः मारलेली दुहेरी टीप, लवकर सुटत नव्हती. तो खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला आणि सुटलेले दोरे वेचू लागला. पडदा त्यानं घडी घालून स्वतःच्या मांडीवर ठेवला होता; तो उसवायचं कुणीच काढलं नाही.

तिसऱ्या खिशाला तिचे हात थांबले. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बरं आहे ना?"

"नाही," तो म्हणाला. "पण इथं आहे."

तिनं मान हलवली आणि चौथी बंडी ओढून घेतली.